चित्र आलं का?

भाच्यानं माळ्यावरचं खोकं खाली काढलं, आतलं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "मामा, याला एचडीएमआय कुठंय?"

परभणीतली मे महिन्यातली दुपार. कूलर चालू, पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं झोपावं. पण प्रश्न असा होता की झोप उडाली. याला एचडीएमआय नाही. पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकंसुद्धा नाहीत. मागं एकच गोल सॉकेट. चित्र आणि आवाज एकाच लहरीवर बसवून हे यंत्र त्यातून बाहेर सोडतं, आणि ती वायर टीव्हीत अँटेनाच्या जागी घुसवायची. म्हणजे आपल्यापुरतं एक दूरदर्शन केंद्रच, प्रेक्षक एक टीव्ही. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे वायफाय?"

"वायरवालं," मी म्हणालो.

आम्ही त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो. मूळ यंत्र जपानचं, निन्टेन्डोचं फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलेलं. त्यालाही मागं अँटेनाचीच वायर होती. पिवळ्या पिनेचं फॅमिकॉम कंपनीनं थेट १९९३ साली काढलं. आमचं यंत्र म्हणजे त्याची बिननावाची नक्कल, औरंगाबादला गुलमंडीवरून आणलेली. कॅसेट मात्र त्याच जपानी मापाची, ६० पिनांची. ती काढायची, फुंकायची, पुन्हा बसवायची. फुंकण्यानं फायदा होत नाही, उलट ओल्या श्वासानं पिना खराब होतात, हे आता कळलंय. भाच्यानं कॅसेट हातात घेतली आणि कोणी न शिकवता पहिल्यांदा फुंकर मारली. हे कुठून येतं कोण जाणे.

चित्राचा विषय निघाला की मला सेलूचा वाडा आठवतो. माझ्या मामांचं घर, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. टीव्ही आला तेव्हा अँटेना अर्थातच माळवदावर गेली. वावटळ उठली की ती फिरायची आणि मालिका ऐन रंगात असताना पडद्यावर मुंग्या यायच्या. मग मामा उठायचे. लुंगी वर खोचायची, चपला खाली सोडायच्या (माळवदावर चपलेनं चढायचं नाही, हा आजीचा कायदा), शिडी लावायची आणि वर. मी चौकात उभा, मावसभाऊ ओसरीच्या खांबाशी, मामी टीव्हीसमोर.

वरून आवाज यायचा, "आलं का?"

मामी म्हणायच्या, "आलं." मावसभाऊ ओरडायचा, "आलंऽऽ!" मग मी ओरडायचो. तोवर मामांनी पाइप आणखी दोन बोटं फिरवलेला असायचा. "गेलंऽऽ!" पुन्हा उलटं फिरवणं, पुन्हा तीच हाळी. आणि प्रत्येक पावलाला तुळयांच्या फटीतून माती गळायची. टीव्हीवर, आजीच्या डोक्यावर, एकदा तर पापडाच्या पिठात. आजी खालून ओरडायची, "माती गळायली रे! त्या डबड्यापायी घर पाडतोस का माझं?"

एवढं करून मामा बघायचे नाहीत. खाली उतरायचे, हातपाय धुवायचे आणि ओसरीवर अडकित्ता घेऊन बसायचे. आत मॅच चालू असली तरी. कोणी बोलावलं तर म्हणायचे, "तुम्ही बघा. आलंय ना नीट?" मला तेव्हा वाटायचं, मामांना टीव्हीचा राग असावा.

सुटीत मी हे यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून एसटीनं सेलूला न्यायचो. तोवर तिथं रंगीत व्हिडिओकॉन आला होता, आपल्याच पैठण रोडवरच्या चितेगावच्या कारखान्यातला, त्यामुळं मामा त्याला जावयासारखं वागवायचे. टीव्हीच्या पुढच्या अंगाला एक चिमुकलं दार. दाबलं की उघडायचं. आत चॅनल लावायच्या बारीक चाकांची रांग आणि प्रत्येक चाकाशेजारी तीन टप्प्यांचा खटका. चाकं फिरवायची प्लास्टिकची कांडी पहिल्याच महिन्यात हरवलेली, म्हणून मामा काडेपेटीतली काडी वापरायचे. गुलाचं टोक मोडून, उरलेली काडी दाताखाली चपटी करून ती चाकाच्या खाचेत घालायची आणि श्वास रोखून केसाएवढं फिरवायचं. चित्र स्वच्छ आलं की आवाज भुणभुणायचा. आवाज साफ झाला की मारिओचा रंग उडायचा. या दोन्हींच्या मधली एक जागा असायची, ती मामांना बरोबर सापडायची. सापडली की दार टक्कन बंद आणि मामा बाहेर. मारिओ उडी मारायच्या आत.

तर मी यंत्र उघडलं.

आत फारसं काही नाही. हिरवी पाटी आणि तिच्या मधोमध बिब्ब्याएवढा काळा चकाकता ठिपका. अख्खं यंत्र त्या ठिपक्याखाली. जपानी यंत्रात प्रोसेसर वेगळा आणि चित्र काढणारी चिप वेगळी असते. नक्कल करणाऱ्यांनी सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं आणि वरून काळं इपॉक्सी ओतून बुजवलं. कोपऱ्यात एक पत्र्याची डबी, तो मॉड्युलेटर. डबीत चार तारा शिरतात: पाच व्होल्ट, अर्थिंग, आवाज आणि चित्र. चित्र डबीत शिरेपर्यंत चांगलं असतं. त्याचे हाल सुरू होतात ते डबीत ते लहरीवर चढवलं जातं तेव्हा आणि पलीकडं टीव्ही ते पुन्हा उतरवून घेतो तेव्हा. म्हणून डबीच्या आधीच त्याला गाठायचं.

पण नुसती वायर जोडून भागत नाही. तो सिग्नल अशक्त असतो, टीव्हीची ७५ ओहमची ओढ त्याला सोसत नाही, चित्र काळवंडतं. मध्ये एक ट्रान्झिस्टर टेकू म्हणून द्यावा लागतो. बीसी ५४७ चालतो. सोबत दोन रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर. एवढंच. आमच्या वेळी असल्या सामानाला लोक हैदराबादला जायचे, कोटीच्या गुजराती गल्लीत. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली, पण सुट्या भागांसाठी आमची गाडी अजून तिकडंच वळते.

मी मात्र ऊन उतरल्यावर स्टेशन रोडवरच्या रिपेरीवाल्या भाईंकडं गेलो. त्यांनी यंत्राकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कायकू मेहनत करते भाई? नवा आता ना अब, पाँचसौ गेम का, सीधा एचडीएमआय." मी नुसता हसलो. त्यांनी खणातून एक मेलेला बोर्ड काढला, त्यावरचे दोन रेझिस्टर उपटले, डब्यातून ट्रान्झिस्टर शोधला, कंडेन्सर नवा दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांच्या काउंटरवरच्या टीव्हीवर रंगीत पट्टे लावलेले होते, कुठलाही सिनेमा नाही. गिऱ्हाईक उठून गेलं तरी पट्टे तसेच. भाई मध्येच वर बघायचे, पिवळा पट्टा पिवळा आहे याची खात्री करायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

डाग देण्यात, म्हणजे सोल्डरिंगमध्ये, मला रस आहे हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं पटायचं नाही. कथील वितळून तारेभोवती सरकतं आणि थिजताना चकाकतं. चकाकलं नाही, मळकट राहिलं, तर तो डाग कच्चा; आज धरेल, उद्या सोडेल. ट्रान्झिस्टरचे तीन पाय इतके जवळ की चष्मा कपाळावर घेऊन नाक पाटीला लावावं लागतं. भाचा टॉर्च धरून उभा होता. टॉर्च हळूहळू भिंतीवर जायची, मग मी खेकसायचो, मग ती परत यायची.

पिवळी पिन लावली. मुंग्या गेल्या! आभाळ निळं, विटा विटांच्या रंगाच्या, आकडे वाचता येतात. नीट बघितलं तर मुंग्या पूर्ण गेल्या नव्हत्या. पडद्यावरून हटल्या होत्या आणि रंग बदलतो त्या कडांना रांगेनं लागल्या होत्या. एकाच तारेतून रंग आणि उजेड दोन्ही पाठवले की टीव्हीला ते पुरते सोडवता येत नाहीत. यापुढची पायरी लाल, हिरवा, निळा वेगवेगळे काढण्याची. पण या यंत्राची गंमत अशी की जपानी अस्सल चिपसुद्धा थेट एकत्र केलेलं चित्रच बाहेर टाकते, आत वेगळे रंग कुठं सापडतच नाहीत. म्हणून तिकडचे हौशी लोक निन्टेन्डोच्या 'प्लेचॉइस-१०' या नाणं टाकून खेळायच्या यंत्रातली चिप काढून इथं बसवायचे, तर रंगच थोडे बदलायचे. पुढं 'नेसआरजीबी' नावाचा बोर्ड निघाला, तो मूळ चिपच्या सोबतीला बसतो आणि तिचा प्रत्येक ठिपका पकडून रंग स्वतः तयार करतो. आमच्या काळ्या ठिपक्याला सोबतीला बसायला जागा नाही.

स्वच्छ चित्रात एक गोष्ट भाच्यानं दहा मिनिटांत पकडली. "मामा, ढग आणि झुडूप सेम आहे." आहेच. एकच आकार, वर पांढरा, खाली हिरवा. अख्खा मारिओ ४० किलोबाइटचा. हात राखूनच चित्रं काढली असणार. काँट्रा या गोळीबाराच्या गेममधल्या गोळ्या मात्र अजून लुकलुकतात, आणि त्याला माझा इलाज नाही. यंत्राला एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दाखवता येतात. नववं आलं की कोणाला तरी गायब व्हावं लागतं. मामा ही वायरची ढिलाई समजून टीव्हीच्या कुशीत थापड मारायचे. व्हिडिओकॉननं त्या आठच्या हिशेबापायी फुकट मार खाल्ला.

आणि ताणलेलं चित्र. हे मला सहन होत नाही. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ओढून बसवतात आणि लोक ते निवांत बघतात. जुन्या सिनेमातल्या सडपातळ नायिका वाटोळ्या दिसतात, कोणाला काही वाटत नाही. सासरवाडीला गेलो की सगळे जेवायला उठले असताना मी रिमोट घेऊन ते गुपचूप ठीक करतो. परत येऊन सासरे म्हणतात, "या बाजूला काळं काय आलं?" आणि पुन्हा ओढतात. आमच्यातला हा झगडा कित्येक वर्षं चाललाय, त्यावर एक शब्दही न बोलता.

भाच्यानं दुसरा कंट्रोलर माझ्यापुढं केला. "खेळा ना मामा." एक डाव खेळलो. म्हणजे पाइपात उतरायच्या ऐवजी मी पाइपाची कड बघत होतो, तिथं हिरवा रंग बाहेर सांडतोय का ते. मारिओ कासवाला धडकून मेला. भाचा म्हणाला, "तुमचं लक्षच नाही." मी उठलो आणि मागं जाऊन वायर जरा हलवून बघितली.

मग खोक्याच्या तळाशी बंदूक सापडली.

डक हंट, हा बदकं मारायचा गेम, त्या कॅसेटमध्ये होताच. भाच्यानं नेम धरला, घोडा ओढला, बदक उडून गेलं. पुन्हा ओढला. पडद्याला नळी टेकवून ओढला. गवतातून ते कुत्रं वर आलं आणि हसलं. हजार वेळा सुधारलेलं चित्र लावलं तरी या टीव्हीवर एक बदक पडणार नाही. कारण बंदुकीतून काही सुटत नाही. बंदूक फक्त बघते. घोडा ओढताच क्षणभर पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या डोळ्याला आधी काळोख आणि ठरल्या क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. म्हणून बल्बकडं धरून लबाडी करता येत नाही, बल्ब मध्येच काळा होत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबवर हे जमतं, कारण तिथं चित्र येतं तसं ताबडतोब रेखलं जातं. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी ठेवून घेतो, त्याच्यावर संस्कार करतो आणि मग दाखवतो. पापणी लवायच्या आत, पण दाखवतो उशिरा. तोवर गेमनं निकाल दिलेला असतो.

म्हणजे आता डबा टीव्ही पाहिजे. भंगारवाल्याला विचारलं; तो म्हणाला, आले की फोडतो, तांबं काढतो. चितेगावला चौकशी करावी असेही दिवस राहिले नाहीत. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

सेलूला फोन लावला. मामांचा व्हिडिओकॉन अजून आहे. मामा लगेच म्हणाले, "ने की. मी चालू करून, चाक लावून ठेवतो. कितव्या चॅनलवर पाहिजे?" मागून मामींचा आवाज आला की त्या टीव्हीवर त्यांचे देव बसलेत, समई सकट, आणि देव काही असे उचलायचे नसतात.

भाच्याची शाळा जूनच्या मध्यात उघडते. मामींनी सांगितलंय, पाऊस पडल्यावर बघू. आमच्याकडं याला तारीख म्हणत नाहीत.