कांद्याच्या मुळाची स्लाइड

अकरावीला समसूत्री विभाजनाचं (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याचं) प्रॅक्टिकल म्हणजे बहुतेक ठिकाणी तयार स्लाइड लावून ठेवायची, मुलांनी रांगेने येऊन डोकवायचं आणि आकृती मात्र पुस्तकातून जर्नलमध्ये उतरवायची. आमच्याकडेही तेच चालायचं. यंदा म्हटलं, स्लाइड मुलांनाच करू दे.

कांदे मुलांनी घरूनच आणले. बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडली आणि कांदा ग्लासवर असा बसवला की फक्त बूड पाण्याला टेकेल. पाणी रोज बदलायचं, नाहीतर कांदा कुजतो आणि मग लॅबमध्ये उभं राहवत नाही. 3-4 दिवसांत मुळं फुटली. टोकं सकाळीच कापली, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल या मिश्रणात दिवसभर ठेवली. (ते अल्कोहोल स्टोअरमधून काढून घेणं हे एक वेगळंच प्रॅक्टिकल!)

खरी गंमत पुढे. स्लाइडवर मूळ, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचे दोन-तीन थेंब, आणि स्पिरिट लॅम्पवर हलकासा शेक. रंग सुकू द्यायचा नाही. मग गडद रंगलेलं 2-3 मिलिमीटरचं टोक तेवढं ठेवायचं, बाकीचं टाकून द्यायचं. मुलं नेमकी उलट करायला जातात, कारण लांब फिकट तुकडा चिमट्यात नीट धरता येतो. कव्हर स्लिप ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकायचं, वर टिपकागद घेऊन अंगठा सरळ खाली दाबायचा. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. कव्हर स्लिपा इतक्या फुटल्या की लॅब असिस्टंट काका माझ्याशी बोलेनासे झाले.

पहिल्या काही स्लाइडांत नुसता लाल चिखल. मग एकीने 45 एक्सच्या भिंगाखाली घेतलं आणि ओरडली, "मॅडम, मधोमध रांगेत उभी आहेत!" गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत, म्हणजे मध्यावस्था. सगळे धावले, टेबलाला धक्का लागला, फोकस गेला.

थोड्या वेळाने एकाने विचारलं, "बाकीच्या पेशी काहीच का करत नाहीत?" म्हटलं, मोजा. मोजल्यावर बहुतेक पेशी आंतरावस्थेतल्या (दोन विभाजनांच्या मधल्या) निघाल्या, पूर्वावस्थेतल्या (विभाजन नुकतंच सुरू झालेल्या) काही, पश्चावस्था (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात ती) तर शोधून काढावी लागली. ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो, त्या अवस्थेतल्या पेशी जास्त दिसणार. पुस्तकात सगळ्या अवस्थांना सारखी जागा मिळते, म्हणून मुलं वेळही सारखाच धरून चालतात. हे तयार स्लाइडमध्येही दिसतं, पण तिथे मोजत कोण बसतं? स्वतः ठोकून केलेली स्लाइड असली की मुलं तिला सोडत नाहीत.

कांद्याची 16 गुणसूत्रं मोजायचा हट्टही एकाने धरला. बारावर अडकला, पुढची सगळी एकमेकांवर चढलेली.

यंदा जर्नलमधल्या आकृत्या प्रत्येकाच्या वेगळ्या आल्या. तपासायला दुप्पट वेळ लागला.