सी ड्राइव्ह अखेर आक्रसला!

मंडळी, मागच्या वेळी अडलेलं घोडं आज सुटलं. सी ड्राइव्हवर 200 जीबीहून जास्त जागा मोकळी, आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट ‘श्रिंक’साठी (म्हणजे ड्राइव्ह आक्रसून जागा वेगळी काढायला) 11 जीबीच्या वर काही सोडेना. विंडोजशेजारी लिनक्स मिंट टाकायला मला 100 हवेत.

आडव्या येणाऱ्या फाइली हटवायचे नेहमीचे उपाय झालेच होते: हायबरनेशन बंद, पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) बंद, रिस्टोअर पॉइंट साफ. आकडा किंचित वाढला, पुन्हा ठप्प. खरा धागा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सापडला. श्रिंकला हात घातला की ॲप्लिकेशन लॉगमध्ये 259 क्रमांकाची नोंद पडते, आणि कोणती न हलणारी फाइल आडवी आली तिचं नाव त्यात चक्क लिहिलेलं असतं. आधी निघालं यूएसएन जर्नल (फाइलींमधल्या बदलांची नोंद). ते एफएसयूटिल या विंडोजच्याच कमांडने उडवलं, तर त्याच्या मागे एमएफटीचा (ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइलींच्या सूचीचा) एक तुकडा, ठाण मांडून! श्रिंक त्याला हलवत नाही.

मग बॅकअप घेऊन जीपार्टेड लाइव्ह, पेनड्राइव्हवरून चालणारं पार्टिशन टूल. (पेनड्राइव्ह बूटेबल करणाऱ्या व्हेंटॉयला तोड नाही, आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करायची.) फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) हायबरनेशनबरोबरच गेलेला, नाहीतर जीपार्टेड विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनला हातच लावत नाही. पण डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे ड्राइव्हला लावलेलं सांकेतिक कुलूप! ते विंडोज होममध्येही असतं, आणि तसलं पार्टिशन जीपार्टेडला आक्रसता येत नाही. ते उतरवण्यात संध्याकाळ गेली. त्यानंतर सीची फक्त उजवी कड आत ओढली. डावी हलवली असती तर सगळा डेटा सरकवत बसावं लागलं असतं. एमएफटीचा तुकडाही निमूट आत आला. विंडोज उघडताना चेकडिस्क (डिस्कची तपासणी) चाललं. जीपार्टेडच ते लावून ठेवतं, घाबरू नका.

आणि ती ‘फुकट’ पार्टिशन टूल्स! स्लायडर झकास, ‘अप्लाय’ दाबलं की पैसे मागतात. सरळ काढून टाकली.

आता मिंटच्या 100 जीबीत रूट (सिस्टीमचा भाग) 30, होम (माझ्या फाइलींचा) 70 असं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, पुन्हा एकदा भिंत कशाला घालायची? बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम घेतली तर मिंटचा इन्स्टॉलर रूट आणि होमची वेगळी सबव्हॉल्यूम (एकाच पार्टिशनमधले कप्पे) करतो, जागा मात्र दोघांची एकच. टाइमशिफ्टचे (मिंटमधल्या सिस्टीम-बॅकअप टूलचे) स्नॅपशॉटही झटपट. एक्स्ट4 या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवाल्यांनी रागवू नये, पण बहुतेक हेच करणार.

त्याआधी पेजफाइल पुन्हा चालू करायची आणि डिव्हाइस एन्क्रिप्शनही.