बासुंदी, भडंग आणि पुढं गेलेली तारीख

भर मे महिन्यात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळणं म्हणजे पेशंटची परीक्षा आणि आमचीही. घरोघरी आंबा आलेला, लग्नसराई जोरात, आणि आम्ही आहारतज्ज्ञ सांगणार की आता दोन आठवडे दिवसाला आठशे ते हजार कॅलरी. पोळी, भात, साखर जवळपास बंद. ताक, डाळीचं पाणी, अंड्याचा पांढरा भाग, प्रोटीन पावडर. ताईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पावसाळ्यातली तारीख नव्हती का वो मॅडम?"

ताई सांगलीकडच्या. खानावळ चालवतात. एमआयडीसीतले कामगार आणि कॉलेजची मुलं असे त्यांचे मेंबर. पंचेचाळिशीच्या आसपास वय, वजन ११८ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४७. मधुमेह होता, गुडघे गेलेले, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकाला मशीन. स्लीव्ह करायचं ठरलं होतं. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी मागं उरते.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी त्या तपासणीला आल्या. सोबत नवरा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. काट्यावर उभ्या राहिल्या. १२१.

मी आहाराची वही मागितली. वही बघण्यासारखी होती. अकरा दिवसांच्या नोंदी एकाच निळ्या पेनानं, एकाच वळणात, एका बैठकीत उतरवल्यासारख्या. सकाळी ताक, दुपारी मुगाचं सूप, रात्री पनीर. दोनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईची वही आणि तिला हळदीचा एक डाग नाही! तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर २४८.

आता यात एक मेख असते. आहार एकदम कमी होणार, मग मधुमेहाची गोळी पूर्वीसारखीच चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून ताईंच्या डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली होती. गोळी अर्धी झाली, जेवण मात्र दुप्पट.

"ताई, काय काय झालं?" मी विचारलं.

नवरा छताच्या पंख्याकडं बघत होता. म्हणाला, "सांग की आता." त्या बोलेनात तेव्हा मुलीनं वही ओढून घेतली आणि मागच्या पानावर उघडली. तिथं यादी होती. नरसोबाच्या वाडीची बासुंदी. कवठाची बर्फी. कोल्हापूरला तांबडा-पांढरा. मिसळ, दोन ठिकाणची, दोन ओळींत वेगवेगळी. भडंग. मिरजेत नणंदेकडं आमरस-पुरी. जावेच्या हातची पुरणपोळी, कटाची आमटी. प्रत्येकापुढं बरोबरची खूण. फक्त हुरड्यापुढं खूण नव्हती, कारण मे महिन्यात हुरडा कुठला मिळणार!

आणि वर गल्लीतल्या बायकांनी पंगत घातली होती, डोहाळजेवण असावं तशी. ओटी भरली, फोटो काढले, आग्रह करकरून वाढलं. "आता परत कुठं मिळणार तुला, खाऊन घे," असं प्रत्येकीनं म्हणून घेतलं.

हे मला नवीन नाही. शस्त्रक्रियेआधी निरोपाचं जेवण बहुतेकजण करतात; कुणी एक दिवस, कुणी महिनाभर. जगभरच्या आहारतज्ज्ञांना हा प्रकार माहीत आहे. त्यावर "जिभेवर ताबा नाही" म्हणून तोंड वाकडं करणारे लोक माझ्या डोक्यात जातात, मग ते नातेवाईक असोत की आमच्यातलेच कुणी. पण इथं प्रश्न शिस्तीचा नव्हताच, यकृताचा होता.

सर्जन आले. रागावले नाहीत. त्यांनी डाव्या हाताची मूठ केली आणि उजवा तळवा तिच्यावर पसरला. "ही मूठ म्हणजे तुमचं जठर. हा तळवा म्हणजे यकृताचा डावा भाग. दुर्बिणीतून काम करताना मला हा तळवा एका हुकानं वर उचलून धरावा लागतो, तरच खालचं दिसतं. तुमचं यकृत चरबीनं आधीच सुजलेलं. गोडधोड खाल्लं की त्यात साखरेचा साठाही होतो, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅममागं जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. असं जड, ठिसूळ यकृत उचलताना फाटलं तर रक्त थांबवत बसावं लागेल. नाहीतर पोट मोठं उघडावं लागेल, नाहीतर काही न करता तसंच बंद करून बाहेर यावं लागेल. हे दोन आठवडे वजन कमी करायला नाहीत ताई. माझ्यासाठी जागा करायला आहेत."

भूलतज्ज्ञांना साखर पटली नाहीच. तारीख तीन आठवडे पुढं गेली. नवऱ्याचा चेहरा उतरला. रजा काढलेली, जाऊबाई खानावळ सांभाळायला येऊन राहिलेल्या, विम्याच्या कॅशलेसची मंजुरी परत काढायची. तो तावातावानं विमा काउंटरकडं निघून गेला. मुलगी त्याच्या मागं.

ताई तेव्हा रडल्या. मला वाटलं, तारखेमुळं असेल. त्या म्हणाल्या, "खायचं काय नाही वो मॅडम. चाळीस वर्षं खाल्लंय. पण मी चव कशी बघू?"

बाईंनी सगळा धंदा जिभेवर उभा केलेला. रस्सा उतरायच्या आधी पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटायचा, मीठ-तिखट बघायचं, मगच पातेलं खाली. पोट कापलं की चवच जाते, असं कुणीतरी गल्लीत सांगितलं होतं. ती धास्ती त्यांनी समुपदेशकांना सांगितली नाही, सर्जनना नाही, घरातही नाही. तिथं सगळीकडं "मनाची तयारी आहे" एवढंच. यादी त्या धास्तीतून निघाली होती. आपल्या हाताच्या, सासरमाहेरच्या, जिच्याकडून शिकलो तिच्या हातच्या चवी एकदा जिभेवर नीट बसवून घ्यायच्या, म्हणजे पुढं आठवणीवर तरी मीठ घालता येईल.

मी खोटं काही सांगितलं नाही. पहिले काही दिवस नुसती पातळ, गाळलेली पेयं. मग जरा दाट पेयं, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. दीड-दोन महिन्यांनी घरातलं साधं जेवण, पण बशीभर, आणि घास चावून चावून. पाणी जेवताना नाही, अर्धा तास मागं-पुढं. पुरणपोळी कायमची जात नाही, चतकोर परत येते. तळहातावरचा थेंब तर त्याच्याही आधी. पण चव बदलू शकते, हेही सांगितलं. बऱ्याच जणांना ऑपरेशननंतर गोड फार गोड लागतं, काहींना मटणाचा वास नकोसा होतो. काहींचं पुन्हा पूर्वीसारखं होतं, काहींचं नाही.

"मटणाचा वास गेला तर माझा बुधवार गेला," त्या म्हणाल्या. बुधवारी त्यांच्याकडं मटणाचं ताट असतं. मग नाक पुसून विचारलं, "पहिला महिना चव कुणी बघायची?" जाऊबाई. तिथल्या तिथं जाऊबाईंना फोन लावला आणि कुठल्या पातेल्यात किती मीठ, हे सांगायला सुरुवात झाली. ती बाई पलीकडून "व्हय, व्हय" करत होती.

पुढचे दोन आठवडे वही मुलीनं लिहिली. तिच्यावर हळद होती, ताकाचे डाग होते, एके ठिकाणी "आज दोन फोडी आंबा" असंही प्रामाणिकपणे होतं. वजन ११५ किलो ४००, उपाशीपोटीची साखर १३२. ऑपरेशन ठरल्याप्रमाणं झालं, तिसऱ्या दिवशी घरी.

दिवाळीआधी त्या तपासणीला आल्या तेव्हा काट्यावर ८९ होते. गुडघ्यांचं बोलल्या नाहीत, मशीनचं बोलल्या नाहीत. खानावळीतली तक्रार घेऊन आल्या होत्या. रविवारच्या फीस्टचा शिरा अगोड होतो म्हणून मेंबर कुरकुरताहेत. त्यांच्या जिभेला मात्र तोच शिरा पाकात बुडवल्यासारखा लागतो. शेवटी तह झाला. साखर जाऊबाई बघणार, मीठ-तिखट ताई. बुधवारचं ताट चालू आहे. रस्सा त्या स्वतः चाखतात, पीस बाजूला सारतात.

हुरड्याचंही विचारून झालं. मूठभर, कोवळा, सावकाश, मी म्हटलं. "मूठ कुणाची? तुमची का माझी?"

बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं तेव्हा मात्र त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. मी रक्त काढायला पाठवून दिलं.