सरळ रेषेची नऊ मिनिटे

तापीकाठच्या एका साखर कारखान्यात आम्ही गळीत हंगामाच्या सुरुवातीला हिस्टोरियन बसवला. बॉयलर, टर्बाइन आणि मिल यांच्या नियंत्रण यंत्रणेत क्षणोक्षणी येणारे आकडे वेळेसह साठवून ठेवणारे हे सॉफ्टवेअर असते. पडद्यावरचा आकडा बदलला की आधीचा गेला, आणि तासाला एक याप्रमाणे लॉगबुकात जे उतरले तेवढेच मागे राहिले, ही तिथली जुनी परिस्थिती होती. चारशेच्या आसपास टॅग (एकेका मोजमापाला दिलेली नावे), प्रत्येक सेकंदाला वाचन, डीसीएसकडून, म्हणजे त्या नियंत्रण यंत्रणेकडून, ओपीसी या यंत्रांमधल्या डेटा-देवाणघेवाणीच्या प्रमाणित पद्धतीमार्गे डेटा आणि त्यावर मी स्वतः तयार केलेला एक्सेल अहवाल, असे कामाचे स्वरूप होते. काम तीन आठवड्यांत उरकले आणि मी निर्धास्त होऊन जळगावला परतलो.

जानेवारीत एका पहाटे बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे एकदम बंद पडला. वाफ थांबली की मिल थांबते, आणि मिल थांबली की उसाच्या ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत जाते; त्यामुळे सकाळी आठ वाजताच मला फोन आला. फोनवर तक्रार नव्हती, उलट कौतुक होते. ‘तुमच्या सॉफ्टवेअरमुळे चूक सापडली,’ असे व्यवस्थापक म्हणाले. अहवालाप्रमाणे ट्रिपच्या क्षणी ड्रमची, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीची, पाण्याची लेव्हल 51.37 टक्के, म्हणजे अगदी मध्यावर होती. लेव्हल ठीक असताना बॉयलर बंद पडला, याचा अर्थ रात्रपाळीच्या ऑपरेटरने घाबरून इमर्जन्सी बटण दाबले असणार, असा निष्कर्ष काढून त्याच्या नावे मेमो टाइप करायला दिला होता. मी तिथे पोहोचेपर्यंत अकरा वाजले.

तो ऑपरेटर धुळे तालुक्यातला, वीस वर्षे बॉयलरवर काढलेला माणूस. पाळी संपूनही घरी न जाता कंट्रोल रूमच्या बाकावर बसून होता. मी आलेख उघडला तसा तो उठून मागे उभा राहिला, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, पाणी कधी इतलं थिर ऱ्हास का?’ पाणी कधी एवढे स्थिर राहते का, असे तो विचारत होता.

आलेखात 2 वाजून 47 मिनिटांपासून 2 वाजून 56 मिनिटांपर्यंत रेघ आखल्यासारखी सरळ होती, आणि शेवटी एकदम खाली कोसळली होती. त्या कोसळण्याचा अर्थ ‘बॉयलर बंद झाल्यावर लेव्हल पडतेच’ असा लावून सगळे मोकळे झाले होते. पण उकळत्या ड्रमची लेव्हल चालू बॉयलरमध्ये दहा सेकंदही दोन दशांशांपर्यंत स्थिर राहत नाही. ही गोष्ट मला त्याच्याआधी दिसायला हवी होती.

माझा पहिला संशय डेडबँडवर गेला. साठवण वाचवण्यासाठी ठरावीक मर्यादेपेक्षा लहान बदल नोंदवायचा नाही, अशी ती सोय असते. लेव्हलसाठी मी ती अर्धा टक्का ठेवली होती. परंतु अर्ध्या टक्क्याच्या पडद्याआड ट्रिपपर्यंतची घसरण लपू शकत नाही. शिवाय स्टीमचा दाब, फ्लो, तापमान असे बॉयलरचे सगळेच टॅग त्याच सेकंदाला गोठलेले होते. मग मी अहवाल बाजूला ठेवून कच्च्या नोंदी काढल्या. (सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत साठवतो, त्यामुळे तिथे आदल्या तारखेचे 21:17 शोधावे लागले.) तिथे प्रत्येक आकड्याशेजारी तो किती विश्वासार्ह आहे हे सांगणारा गुणवत्तेचा कोड असतो. 51.37 हा आकडा आधी गुणवत्ता 192 सह होता. चार सेकंदांनी तोच आकडा पुन्हा होता, पण गुणवत्ता 20. त्यापुढे नऊ मिनिटे एकही नोंद नव्हती.

ओपीसीच्या भाषेत 192 म्हणजे चांगला आकडा. 20 म्हणजे संपर्क तुटला आहे, हा केवळ शेवटचा माहीत असलेला आकडा आहे. हिस्टोरियनने ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. माझा अहवाल मात्र फक्त आकडा उचलत होता, गुणवत्तेचा रकाना वाचतच नव्हता, आणि मधली पोकळी त्याने सरळ रेषेने भरून टाकली होती.

संपर्क तुटला कशाने, हे शोधताना मला खरी शरम वाटली. डीसीएसच्या घटनांच्या यादीत क्रम स्पष्ट होता: ग्रीडवरून व्होल्टेज डिप (दाबात क्षणिक घट), बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंप नं. 1 चा व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) अंडरव्होल्टेजवर ट्रिप, लेव्हल लो, लेव्हल लो-लो (धोक्याइतकी कमी), बॉयलर ट्रिप. डीसीएसचे घड्याळ तीन मिनिटे मागे असल्याने हा क्रम आमच्या आलेखाशी कोणी जुळवूनच पाहिला नव्हता. पंप नं. 2 सील गळत असल्यामुळे मॅन्युअलवर होता, म्हणजे आपोआप सुरू होणार नव्हता, आणि तसे मेन्टेनन्सला कळवल्याची नोंद लॉगबुकात निळ्या शाईने केलेली होती. त्याच डिपने कंट्रोलर आणि ओपीसी सर्व्हर यांच्यामधला नेटवर्क स्विचही बंद होऊन पुन्हा चालू झाला, कारण तो यूपीएसवर नव्हता. पॅनलमध्ये यूपीएसचा सॉकेट मोकळा नाही म्हणून डिसेंबरात तो भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये मीच लावला होता, ‘नंतर बदलू’ असे म्हणून. स्विच मिनिटभरात उभा राहिला. ओपीसी सर्व्हरने जोडणी परत मिळवायला उरलेली मिनिटे घेतली.

व्यवस्थापकांनी विचारले, ‘बफर आहे, डेटा जाणार नाही, असे तुम्हीच म्हणाला होतात ना?’ म्हणालो होतो, आणि ते अर्धेच खरे होते. ओपीसी सर्व्हरकडून आकडे गोळा करणारा प्रोग्रॅम म्हणजे कलेक्टर; तो आणि हिस्टोरियन सर्व्हर यांच्यामधला दुवा तुटला तर बफर आकडे धरून ठेवतो. कलेक्टरपर्यंत जे पोहोचलेच नाही ते तो कुठून धरणार? हे मी बसवतानाच सांगायला हवे होते.

मेमोचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला नाही, खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रद्द झाल्याचे कळले. संध्याकाळपर्यंत स्विच यूपीएसवर गेला, डीसीएस आणि सर्व्हर यांची घड्याळे एकाच टाइम सर्व्हरला बांधली, आणि 192 नसलेला प्रत्येक आकडा अहवालात कोरा दिसेल असा बदल केला. तेव्हापासून त्या रात्रीच्या पानावर नऊ मिनिटांची पांढरी पट्टी आहे. ऑडिटला बरे दिसत नाही, ती सरासरीने भरून द्या, असे मला दोनदा सांगण्यात आले. मी तिथे लॉगबुकाच्या त्या पानाचा फोटो जोडून दिला.