दुकानात वाइन, घरी जांभळी

लग्नकार्यात कुणाशी ओळख झाली आणि मी साड्यांच्या दुकानांचे शोकेस लावते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "अहो, दुकानात साडी एवढी उठून दिसते, मग घरी आणली की वेगळीच का? लाइट लावून फसवता ना तुम्ही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, थोडं फसवतो. पण तुम्हाला संशय असतो दिव्यांचा, आणि पुतळ्यावर मात्र कुणी संशय घेत नाही.

पुतळा असतो पावणेसहा फूट, कधी त्याहून उंच. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फूट. साडी दोघींना तीच, साडेपाच मीटरची. पुतळ्याच्या कंबरेभोवती कापड जातं थोडंसं, मग उरलेल्याच्या दहा-बारा निऱ्या पडतात. तुमच्या-माझ्या सहा पडल्या तरी आपण खूश. परकर नाही, नुसता इलॅस्टिकचा पट्टा, त्यात निऱ्या खोचलेल्या. ब्लाउज शिवलेला नसतोच, ब्लाउजपीस गुंडाळून मागून टाचलेला असतो. समोरून नवरी, भिंतीकडून साळिंदर. एकदा एका काकूंनी "हे ब्लाउज कुणाकडे शिवलं?" म्हणून विचारलं होतं. शिंप्याचं नाव काय सांगणार?

आता दिवे. दुकानातले स्पॉट बहुतेक ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर. त्यात साडीची जर पेटते, मरून आणि केशरी खुलतात. आपल्या घरातली ट्यूब बहुधा ६५०० ची, निळसर पांढरी. तिच्याखाली जर निवते आणि निळे-जांभळे रंग पुढे येतात. यात लबाडी कुणाचीच नाही. ट्यूब खरी आणि स्पॉट खोटा, असं काही नसतं.

लबाडी असलीच तर स्वस्त दिव्यात असते. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा छापलेला असतो, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. ८० म्हणजे घरगुती, कपड्यांच्या दुकानाला ९० च्या पुढचा हवा. गंमत म्हणजे हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात, गडद लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा हिशोब वेगळा, आर-९ नावाचा, आणि तो खोक्यावर क्वचितच सापडतो. त्यामुळे ८० चा दिवा सगळीकडे ठीक दिसतो आणि कुंकवाचा लाल तेवढा मातकट करून ठेवतो. लग्नाच्या बस्त्याचं दुकान आणि त्यात लालच मेला, तर शोकेसमध्ये मी लावू काय?

माझी स्वतःची फजिती मात्र चांगल्या दिव्यांखाली झाली. लक्ष्मी रस्त्यावरचं एक दुकान, नाव नको. वांगी रंगाची पैठणी होती, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणजे धूपछाँव. अशी साडी हलली की रंग बदलते, पण पुतळा काही हलत नाही. मी दिवे असे वळवले की तिची लालसर झाकच तेवढी समोर यावी. फार देखणी दिसली, मीच फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना एक मावशी पिशवी घेऊन पायरीवर. "मी वाइन कलर घेतला होता. ही जांभळी आहे. सुनेला जांभळा चालत नाही." साडी तीच, पावतीही तीच. मालकांनी बदलून दिली, पण त्या गेल्यावर माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

यावर उपाय मॅचिंग सेंटरवाल्यांना कधीचा माहीत आहे. फॉल-अस्तर घ्यायला गेलात की तो माणूस काय म्हणतो? "ताई, बाहेर उजेडात बघा." दोन कापडं एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फटकून वागतात, हे तो रोज बघतो. म्हणून मी मालकांना म्हटलं, दाराशी एक आरसा लावू, रस्त्याचा उजेड पडेल असा. ते म्हणाले, "लाखभराचे दिवे बसवले ते गिऱ्हाइकाला बाहेर काढायला?" दोन महिने आरसा गोडाऊनमध्ये पडून होता.

त्यानंतर शोकेसचा आराखडा कागदावर काढताना प्रत्येक साडीपुढे मी दिवा लिहायला लागले. आमच्या वर्षाची घडी तशी सोपी आहे. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरूनच जाते, त्यामुळे काचेसमोर फळ्या. मग पितृपक्ष. गिऱ्हाईक नसतं, तेव्हा आमचं खरं काम चालतं: पुतळे धुणं, मागचे पडदे बदलणं. गडद पडद्यासमोर दिवसा काचेचा आरसा होतो, साडी सोडून समोरच्या रिक्षा दिसतात, म्हणून पडदा फिका. आणि मग नवरात्र, नऊ रात्री नऊ रंग. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल इथपर्यंत सगळे आनंदात. शनिवारी येतो राखाडी. राखाडी साड्या दुकानात मुळात चार, आणि पिवळ्या स्पॉटखाली त्या चारही खाकी दिसतात. शुक्रवारी रात्री दुकान बंद झाल्यावर शिडीवर चढून दिवे बदलायचे, ४००० केल्विनचे लावायचे आणि शनिवारी रात्री पुन्हा उतरवायचे. लंडनला सेल्फ्रिजने १९०९ साली दुकान उघडलं तेव्हा दुकान बंद झाल्यावरही काचेतले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू ठेवले होते म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. आमच्याकडे नऊ वाजता शटर पडतं आणि काच त्याच्या आत. शिडीवरची मी मात्र कुणाला दिसत नाही, ते एक बरं आहे.

आरसा शेवटी लागला तो दिवाळीच्या आधी, आणि तोही मालकांच्या सूनबाईंनी लावायला लावला. नंतर एकदा त्याच मावशी आल्या, धाकट्या मुलीच्या लग्नाचा बस्ता होता. आरशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पसंत पडलेल्या साडीचा पदर हातात धरून थेट फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. दुसरं टोक सेल्समनच्या हातात, मधली चार-पाच मीटर दारातून ताणलेली, आणि मागून आलेलं गिऱ्हाईक खालून वाकून आत येतंय. मावशी बाहेरून ओरडल्या, "हिरवीच आहे ना रे ही?"