दुव्यांच्या यादीचं ग्रंथालय करताना

चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एखादा अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायचं ठरवलं, की पहिल्याच आठवड्यात एक स्प्रेडशीट तयार होते. जो तो आपल्याजवळचे दुवे तिच्यात टाकतो. बघता बघता तीनशे ओळी होतात, आणि विद्यार्थी त्यातली एकही उघडत नाहीत. दुव्याशेजारी फक्त नाव असतं. तो व्हिडिओ कुणासाठी आहे, त्यातला कुठला भाग पाहायचा, त्याआधी काय यायला हवं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. निवडक संग्रहाचं खरं काम हे टिपण लिहिण्याचं आहे. दुवा दोन मिनिटांत सापडतो. टिपणाला वेळ लागतो, कारण साधन पूर्ण पाहिल्याशिवाय ते लिहिताच येत नाही.

पदवीच्या पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र घेऊ. मध्यक शिकवणाऱ्या एका हिंदी व्हिडिओचं टिपण असं असावं: ‘वर्गीकृत सामग्रीचा मध्यक. १२:४० ते १९:०५ एवढंच पाहा. संचित वारंवारता सारणी आधी यायला हवी. यातली “माध्यिका” म्हणजे आपला मध्यक आणि “माध्य” म्हणजे आपला मध्य. शेवटच्या उदाहरणातले वर्ग असमान आहेत, पहिल्या वेळी ते सोडून द्या.’ माध्य, मध्य, मध्यक, माध्यिका या चार शब्दांत मराठी माध्यमातलं मूल हमखास अडखळतं. ती एक ओळ टिपणात असेल तरच तो व्हिडिओ उपयोगी पडतो, नाहीतर घोटाळा वाढवतो.

सुरुवात अभ्यासक्रमातल्या घटकापासून करावी. इंटरनेटवर काय काय आहे तिथून सुरुवात केली तर काम कधीच संपत नाही. एका घटकाला पाच ते आठ साधनं पुरतात: एक वाचायला, एक पाहायला, दोन सोडवायला, एखादं पुढे जाऊ पाहणाऱ्यासाठी. नववं आवडलं तर आधीच्यांपैकी एक काढायचं. साधन सुचवणारा एका महाविद्यालयाचा आणि मान्य करणारा दुसऱ्या महाविद्यालयाचा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आपल्याच सहकाऱ्याच्या नोट्सना नाही म्हणणं फार अवघड जातं.

नोंदी स्प्रेडशीटमध्ये ठेवू नयेत. कुणीतरी एकच स्तंभ अकारविल्हे लावतो आणि नावं एका ओळीत, दुवे भलत्याच ओळीत जातात. ते लक्षात येईपर्यंत आणखी वीस नोंदी झालेल्या असतात. झोटेरो या संदर्भ-नोंदी ठेवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधला सामायिक गट या कामाला चांगला. गट सार्वजनिक ठेवावा, सदस्यत्व मात्र बंद. सदस्यत्व खुलं ठेवलं तर त्या गटात फाइली ठेवता येत नाहीत. फुकट मिळणारी जागा ३०० एमबी, आणि ती गटाच्या मालकाच्या खात्यातून मोजली जाते. म्हणून गटात दुवे आणि टिपणं ठेवावीत, जड फाइली संस्थेच्या जागेवर. डब्लिन कोअर या साधनांच्या नोंदीसाठीच्या प्रमाण नमुन्यातले पंधरा रकाने सगळे भरायची गरज नाही. शीर्षक, कर्ता, प्रकाशक, वर्ष, भाषा, प्रकार आणि परवाना एवढे घ्यावेत, आणि आपले चार जोडावेत: अभ्यासक्रमाचा घटक, लागणारा वेळ, फाइलचा आकार, शेवटची तपासणी. आकार लिहायचाच. मोबाइलच्या डेटावर शिकणाऱ्याला ८० एमबीची पीडीएफ आधी सांगून द्यावी. त्याहून बरं म्हणजे ती प्रकरणवार तोडून द्यावी.

देवनागरीचा शोध हे वेगळंच दुखणं आहे. ‘तिसऱ्या’ आणि ‘तिसर्‍या’ हे शब्द कागदावर सारखेच दिसतात. पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, तर दुसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲ’ एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन, तिथेही हेच. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करून घेण्याची पद्धत, या जोड्या एक करत नाही. त्यामुळे नोंद एका रूपात आणि शोध दुसऱ्या रूपात झाला, की साधन असूनही सापडत नाही. एक रूप ठरवावं आणि नोंद भरतानाच बदलून घ्यावं. विषयशब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश प्रमाण मानावेत, पण पर्यायी शब्दही टॅगमध्ये टाकावेत. मुलं ‘मीडियन’ असंच शोधतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा भुगा हाती येतो. अशी पानं ३०० डीपीआयला चित्र करून टेसरॅक्ट या चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी मॉडेलमधून काढावीत आणि अनुस्वार, रफार डोळ्यांनी तपासावेत.

परवान्यात सगळ्यात जास्त चुका होतात. दुवा देणं वेगळं, उतरवून घेणं वेगळं, भाषांतर आणखी वेगळं. क्रिएटिव्ह कॉमन्स हे साहित्य खुलं करण्याचे तयार परवाने; त्यात ‘एनडी’ (बदल करून वाटायला मनाई) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही. एमआयटी विद्यापीठाचं खुलं अभ्याससाहित्य, म्हणजे एमआयटी ओपनकोर्सवेअर, बीवाय-एनसी-एसए आहे, विकिपीडियाचा मजकूर बीवाय-एसए (बीवाय म्हणजे श्रेय द्या, एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, एसए म्हणजे पुढेही हाच परवाना लावा). दोन्ही संग्रहात शेजारी ठेवायला हरकत नाही, पण दोन्हींतले उतारे मिसळून एकच पुस्तिका करता येत नाही, कारण दोन्ही परवाने आपापलीच अट पुढे लागू करायला सांगतात. परवाना लिहिलेलाच नसेल तर ‘सर्व हक्क राखीव’ असंच धरावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. पण त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना खुली असेलच असं नाही.

दुवे मरतात, तेही गुपचूप. संकेतस्थळाची पुनर्रचना होते आणि जुना पत्ता मुखपृष्ठावर नेऊन सोडतो. यांत्रिक तपासणीला पान उघडलं एवढंच दिसतं, ती सगळं ठीक असल्याचा निर्वाळा देते. म्हणून तीन महिन्यांनी माणसानेच उघडून पाहावं. दोनशे नोंदी चौघांत वाटल्या तर प्रत्येकी पन्नास होतात. नोंद करतानाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर पान जतन करून तो दुवाही लिहावा, मात्र व्हिडिओची तिथे खात्री धरू नये. शिक्षकांच्या वैयक्तिक ड्राइव्हवरच्या फाइली तर घेऊच नयेत. बदली झाली, निवृत्ती आली, खातं बंद पडलं, की विद्यार्थ्याला नुसतं ‘परवानगी मागा’ दिसतं.

प्रत्येक नोंदीला आपला क्रमांक द्यावा, सां-०४१ असा, आणि पाठात दुव्याऐवजी तोच लिहावा. दुवा बदलला तरी पाठ बदलावा लागत नाही. साधन गेलंच तर क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. नोंद तशीच ठेवून खाली लिहावं: कधी गेलं, का गेलं, त्याऐवजी कुठला क्रमांक पाहायचा.