तुम्ही विचारलंत म्हणून: काखेत गेलंय, आता किती दिस?

स्तनाचा कॅन्सर झालेल्या लातूर-धाराशिवकडच्या बायांचा फोन आला की प्रश्न ठरलेला: "ताई, काखेतल्या गाठीत उतरलंय म्हणे. आता किती दिस?" मला विचारतात, कारण माझ्याही काखेत गेलं होतं आणि मी अजून बाजारात मेथीच्या जुडीवरून भांडताना दिसते.

मी डॉक्टर नाही. पण काखेत जाणं म्हणजे चौथी स्टेज नव्हे, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. चौथी म्हणजे हाडं, फुप्फुस, लिव्हर असं लांब पोचलेलं. काखेपर्यंतचा आजार बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजमध्ये धरतात आणि उपचार बरं करायचे म्हणूनच चालतात. अमेरिकेतल्या नोंदींत अशा शंभरातल्या ८५ च्या वर बाया पाच वर्षांनंतरही असतात. आपल्याकडे आकडा खाली येतो, कारण स्तनातली गाठ लिंबाएवढी होईस्तोवर आपण ती पदराखाली झाकतो. "दुखत तर नाही!" दुखत नाही, हीच तर तिची खोड.

मी आधी ऑपरेशननंतरचा रिपोर्ट काढायला लावते. त्यात '३/१६' असं काहीतरी असतं: काखेतल्या सोळा गाठी (लसिकाग्रंथी) तपासल्या, तिनांत आजार सापडला. एक ते तीन, चार ते नऊ, दहा नि त्यापुढं, असे गट धरतात. जितक्या जास्त, तितकी परत उलटायची भीती जास्त. पण तेवढ्यावर आयुष्य मोजत बसू नका. ईआर, पीआर (आजार हार्मोनवर वाढतो का ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि हर-टू (आजाराच्या पेशींवरचं एक प्रथिन) काय आलंय तेही बघा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर पाच ते दहा वर्षं रोजची गोळी, हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब या औषधाची इंजेक्शनं. या औषधांनी चित्र पार बदलतं.

मला राग येतो तो "पेरण्या उरकू द्या" म्हणत केमो मधेच सोडणाऱ्या घरांचा. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, गाठा.

आणि हाताचं कुणीच विचारत नाही. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात वर्षांनंतरही सुजू शकतो. बांगड्या रुतायला लागल्या की लगेच दाखवा. त्या हाताला जखम होऊ नये म्हणूनही जपायचं, म्हणून खुरपताना मी त्या हातात मोजा घालते. शेजारणी हसतात. हसेनात का.